साखर, पाणी, यीस्ट : इथेनॉलचं गणित कागदावर जुळतं, फ्लास्कमध्ये का नाही?

रानवारा
नमस्कार मंडळी. कॉलेजच्या प्रयोगशाळेत मुलांकडून किण्वनाचा प्रयोग करून घ्यायचाय, म्हणून आधी मी स्वतः लावून बघितला. साधी पांढरी साखर २०० ग्रॅम, पाणी घालून एकूण द्रावण एक लिटर, त्यात बेकरीचं कोरडं यीस्ट चमचाभर, तोंडाला बूच आणि बुचातून नळी काढून ती पाण्यात बुडवलेली. सुरुवातीची घनता १.०७६ भरली. पहिल्या रात्री बुडबुडे नुसते धो धो, दुसऱ्या दिवशीपण ठीक चाललं होतं, आणि मग जे मंदावलं ते मंदावलंच. हायड्रोमीटर १.०४० वर येऊन बसलाय, हलायचं नाव नाही. साखर अजून भरपूर शिल्लक आणि यीस्ट तळाशी निवांत.

पुस्तकात सरळ समीकरण असतं, एका ग्लुकोजपासून दोन इथेनॉल आणि दोन कार्बन डायऑक्साइड, झालं. मुलं विचारणारच की गणिताने एवढं यायला हवं होतं, आलं एवढंच, बाकीचं गेलं कुठे? तर मला विचारायचंय की २०० ग्रॅम साखरेतून जास्तीत जास्त किती इथेनॉल निघू शकतं, साखर समोर असताना यीस्ट थांबतं का, आणि साखर दुप्पट केली तर अल्कोहोल दुप्पट होईल का? ज्यांनी हे काम प्रत्यक्ष केलंय त्यांचं ऐकायला जास्त आवडेल.

बुडबुडा
वाचतोय. माझं नाव असलेला धागा निघाला म्हटल्यावर हजेरी लावणं भाग आहे :)

कणाद
पहिल्या प्रश्नाचं उत्तर देतो, बाकीची उत्तरं जाणकार देतील. १८० ग्रॅम ग्लुकोज म्हणजे ९२ ग्रॅम इथेनॉल आणि ८८ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड. म्हणजे वजनाने ५१.१ टक्के. पण तुम्ही ग्लुकोज नाही, साखर घेतलीय, म्हणजे सुक्रोज. सुक्रोजचा रेणू फुटताना पाण्याचा एक रेणू आत घेतो, ३४२ ग्रॅम साखरेचे ३६० ग्रॅम ग्लुकोज-फ्रुक्टोज होतात आणि त्यातून १८४ ग्रॅम इथेनॉल. म्हणजे साखरेच्या वजनाच्या ५३.८ टक्के. बरेच लोक साखरेलापण ५१ च लावतात आणि मग हिशोब पहिल्याच पायरीवर चुकतो.

तुमच्या २०० ग्रॅमचे १०७.६ ग्रॅम. इथेनॉलची घनता ०.७८९, म्हणजे साधारण १३६ मिली, एका लिटरमध्ये १३.६ टक्के. ही कमाल मर्यादा, हिच्यावर कोणी जाऊ शकत नाही. तुमची घनता १.०७६ वरून १.०४० वर आली, फरकाला १३१ ने गुणायचं असा एक ढोबळ नियम आहे, त्याने पावणेपाच टक्के येतात. अर्ध्याच्याही अलीकडे गाडी थांबलीय.

पाळीवाला
आसवनीत फर्मेंटेशन सेक्शनला बरीच वर्षं पाळ्या केल्यात, त्यामुळे थोडं लिहितो. कमाल मर्यादा कोणालाच मिळत नाही, पाश्चरलापण मिळाली नव्हती, त्याच्या मोजणीत पाचेक टक्के साखर भलतीकडे जात होती. यीस्ट स्वतःचं अंग वाढवतं त्यात काही जाते, ग्लिसरॉल होतं, थोडं सक्सिनिक आम्ल, थोडी वरची अल्कोहोलं ज्याला आम्ही फ्यूजेल ऑइल म्हणतो. आमच्याकडे ९० टक्के एफिशियन्सी आली की दिवस बरा गेला म्हणायचं.

पण मॅडम तुमचा प्रश्न एफिशियन्सीचा नाहीच, तुमची बॅच अडकलीय. चार गोष्टी सांगा. द्रावणात साखर सोडून काय घातलं होतं? यीस्ट कसं सोडलं? तापमान किती? पीएच किती? हे कळल्याशिवाय बोलण्यात अर्थ नाही.

रानवारा
कणाद, ५१ आणि ५३.८ चा फरक फार कामाचा, मुलांकडून हाच हिशोब आधी करून घेते. पाळीवाला दादा, साखर आणि पाणी, बस. यीस्ट कोरडंच वरून भुरभुरलं. खोलीचं तापमान २८ च्या आसपास. पीएच आत्ता तुमचं वाचून मोजला, २.९ आला.

शुभ्रा_म
२.९! तिथेच उत्तर आहे.

मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. नुसती साखर म्हणजे यीस्टला फक्त ऊर्जा. अंग बांधायला नायट्रोजन लागतो, तो शुद्ध साखरेत नाहीच. फॉस्फेट नाही, मॅग्नेशियम नाही, झिंक नाही, बायोटिन नाही. पायरुव्हेटचा (ग्लुकोज फुटून होणाऱ्या मधल्या पदार्थाचा) कार्बन काढून त्याचं अ‍ॅसिटाल्डिहाइड करणारं एन्झाइम थायामिन या जीवनसत्त्वाशिवाय चालत नाही, आणि अ‍ॅसिटाल्डिहाइडचं इथेनॉल करणाऱ्या एन्झाइमच्या पोटात झिंक बसलेलं असतं. मळीत यातलं बरंच आपोआप येतं, म्हणून मळीचं द्रावण पळतं आणि पांढऱ्या साखरेचं लंगडतं. तुमचं यीस्ट सुरुवातीला पळालं ते स्वतःच्या साठ्यावर. चमचाभर यीस्टमध्ये काही हजार कोटी पेशी असतात, त्या थोडा वेळ जुन्या शिदोरीवर काम करतात. शिदोरी संपली की नवी पेशी होत नाही, जुन्या पेशींची साखर आत ओढणारी प्रथिनं झिजतात ती परत बनत नाहीत, आणि साखर दारात असून आत येत नाही.

पीएचचं असं की यीस्ट पेशीतून सतत हायड्रोजन आयन बाहेर टाकत असतं. फळांच्या रसात किंवा मळीत ते झेलणारं काहीतरी असतं, साखरपाण्यात काहीच नाही. त्यामुळे पीएच घसरतच जातो. ४ ते ५ मध्ये यीस्ट मजेत, ३ च्या खाली त्याची निम्मी ताकद आत शिरणारं आम्ल उपसण्यात जाते.

आणि कोरडं यीस्ट साखरेच्या द्रावणात थेट भुरभुरू नका. आधी ३५ ते ४० अंशांच्या साध्या पाण्यात पंधरा-वीस मिनिटं भिजवा. वाळलेल्या पेशीचं आवरण सुरकुतलेलं असतं, गार पाण्यात किंवा दाट पाकात ते नीट जुळून येत नाही आणि आतला माल बाहेर गळतो.

निरगाठ
मला एक बेसिक शंका. यीस्टला अल्कोहोल करून मिळतं काय? स्वतःलाच विषारी असलेली गोष्ट कोणी का बनवेल?

शुभ्रा_म
निरगाठ, ही बेसिक नाही, हीच मुख्य शंका आहे. यीस्टला अल्कोहोल नकोच असतं. ग्लुकोज फोडून पायरुव्हेट करताना त्याला एटीपीचे, म्हणजे पेशीच्या ऊर्जेच्या चलनाचे, निव्वळ दोन रेणू मिळतात, ती त्याची कमाई. पण त्या कामात एनएडी नावाचा वाहक इलेक्ट्रॉन घेऊन भरून जातो. तो रिकामा झाल्याशिवाय पुढचं ग्लुकोज फोडता येत नाही. मग यीस्ट ते इलेक्ट्रॉन अ‍ॅसिटाल्डिहाइडवर उतरवतं, त्याचं इथेनॉल होतं आणि वाहक मोकळा. इथेनॉल हे निव्वळ त्या उतरवलेल्या ओझ्याचं नाव.

म्हणून "अल्कोहोल कसं वाढवू" हा प्रश्नच मला पटत नाही. यीस्ट जिवंत आणि धट्टंकट्टं राहील एवढं बघा. त्याला जगायला साखर फोडावीच लागते, आणि साखर फोडली की इथेनॉल निघणारच.

कणाद
शुभ्राताईंच्या म्हणण्यात एक आकडा जोडतो, मला तो फार आवडतो. एक मोल ग्लुकोज पूर्ण जाळलं तर सुमारे २८०० किलोज्यूल उष्णता मिळते. त्यातून होणारं दोन मोल इथेनॉल जाळलं तर सुमारे २७३०. म्हणजे वजन जवळजवळ निम्मं वायू होऊन उडून गेलं आणि ज्वलनाची ऊर्जा मात्र ९७ टक्के इथेनॉलमध्येच राहिली! यीस्ट ग्लुकोजमधून इतकं थोडं घेतं. म्हणूनच त्याला जगायला ढीगभर साखर फोडावी लागते आणि म्हणूनच इथेनॉल इंधन म्हणून चालतं. एकाच गोष्टीच्या दोन बाजू.

जुनाजाणता
सगळं वाचलं. मला एक खटकतंय, आधीच सांगतो म्हणजे मॅडमचा पुढचा प्रयोग वाया जायला नको. कोणीतरी आता हवा खेळवा म्हणून सांगेल. ते करू नका. पाश्चरने स्वच्छ सांगितलंय, किण्वन म्हणजे हवेशिवायचं जगणं. हवा दिली की यीस्ट श्वसन करणार, साखरेचा कार्बन डायऑक्साइड नि पाणी करणार, अल्कोहोल बुडणार. पहिल्या मिनिटापासून हवाबंद हवं.

शुभ्रा_म
काका, मतभेद नोंदवते. दोन कारणं.

एक, यीस्टला पेशीच्या आवरणासाठी एर्गोस्टेरॉल आणि असंतृप्त मेदाम्लं लागतात आणि ती बनवायला रेणूरूप ऑक्सिजन लागतोच, दुसरा रस्ता नाही. सुरुवातीला ऑक्सिजन मिळाला नाही तर प्रत्येक नवी पिढी आईकडचं स्टेरॉल वाटून घेते, चार-पाच पिढ्यांत ते पातळ होतं आणि शेवटी अल्कोहोल वाढलं की कमकुवत आवरणाच्या पेशी आधी मरतात. म्हणजे सुरुवातीला वाचवलेली हवा शेवटी महागात पडते.

दोन, साखर भरपूर असली तर हे यीस्ट हवा असतानासुद्धा किण्वनच करतं. याला क्रॅबट्री परिणाम म्हणतात. १९२९ मध्ये क्रॅबट्रीने तसं वर्तन गाठींच्या पेशींमध्ये दाखवलं होतं, नाव पुढे यीस्टलापण चिकटलं. २०० ग्रॅम साखरेच्या द्रावणात पाण्यात विरघळलेला सात-आठ मिलिग्रॅम ऑक्सिजन किती साखर जाळणार? नगण्य. साखर संपल्यावर मात्र हवा आत येऊ देऊ नका, तेव्हा यीस्ट तेच इथेनॉल उलटं खायला घेतं, आणि अ‍ॅसिटोबॅक्टर नावाचा जीवाणू आला तर व्हिनेगर करून ठेवतो.

पाळीवाला
शुभ्राताईंना +१. आम्ही यीस्ट वाढवायच्या टाकीत हवा सोडतो, मुख्य फर्मेंटरमध्ये नाही. दोघांचंही बरोबर आहे, वेळ वेगवेगळी.

जुनाजाणता
स्टेरॉलचा मुद्दा मान्य. सुरुवातीला हवा, नंतर बंद, इथपर्यंत आलो. पण पाश्चरचं वाक्य खोटं पडत नाही, एवढं माझं म्हणणं ठेवतो.

इतिहासवेडी
पाश्चरचं नाव दोनदा निघाल्यावर राहवत नाहीये, अवांतराबद्दल राग मानू नका.

हा हिशोब जुळवायचा पहिला मोठा प्रयत्न फ्रेंच रसायनज्ञ लाव्हाझियेचा, १७८९ च्या पुस्तकात. एका बाजूला साखर, दुसऱ्या बाजूला अल्कोहोल आणि वायू, वजनाला वजन लागलं पाहिजे या हट्टाने. वस्तुमान नष्ट होत नाही हे त्याने ज्या ठिकाणी ठासून लिहिलं ते किण्वनाचंच प्रकरण. रानवारा यांच्या मुलांनी "बाकीचं कुठे गेलं" विचारणं म्हणजे थेट त्याचाच प्रश्न.

मग १८३७ च्या सुमारास कान्यार-लातूर, श्वान आणि क्युट्झिंग या तिघांनी वेगवेगळं सांगितलं की यीस्ट जिवंत आहे. रसायनवाल्यांना ते अजिबात रुचलं नाही. १८३९ मध्ये लीबिग आणि व्होलर यांच्या पत्रिकेत एक निनावी टवाळी छापून आली, त्यात यीस्टची अंडी फुटून ऊर्ध्वपातनाच्या भांड्याच्या आकाराचे प्राणी निघतात, साखर खातात आणि मागून अल्कोहोल सोडतात असं वर्णन आहे! पाश्चरने १८५७ पासून पुढे जिवंतपणाची बाजू पक्की केली, आणि ग्लिसरॉल नि सक्सिनिक आम्ल मोजून दाखवलं की ते सुटसुटीत समीकरण पूर्ण खरं नाही.

आणि १८९७ मध्ये जर्मन रसायनज्ञ बुख्नरने पुन्हा उलटवलं. त्याने यीस्ट वाळू घालून घोटलं, दाबून रस काढला, रस टिकावा म्हणून त्यात भरपूर साखर घातली, आणि एकही जिवंत पेशी नसलेल्या त्या रसातून बुडबुडे यायला लागले. १९०७ चं रसायनशास्त्राचं नोबेल त्याला याच कामासाठी. म्हणजे पेशी जिवंत असायची गरज नाही, तिची एन्झाइमं पुरतात.

बुडबुडा
साखर टिकवायला घातली आणि तीच फसफसली. या धाग्यावर आज माझी फारच सोय होतेय.

निरगाठ
बुख्नरच्या रसाने काम होतं तर मग जिवंत यीस्ट ठेवायचा खटाटोप कशाला? रस बाटलीत भरून वापरायचा.

शुभ्रा_म
रस लवकर थकतो. हार्डन आणि यंग यांनी दाखवलं की रसात फॉस्फेट घातलं की तो परत वेग घेतो, साखरेवर फॉस्फेट चढवल्याशिवाय काम पुढे जातच नाही. शिवाय रसातली एन्झाइमं एकमेकांना पचवतात. जिवंत पेशी ही सगळी दुरुस्ती स्वतः करते, फुकट.

तापमापक
तापमानाचं कोणी बोललं नाही अजून. २८ अंश खोलीचं की द्रावणाचं? किण्वनात उष्णता बाहेर पडते. लिटरला २०० ग्रॅम साखर पूर्ण आंबली आणि उष्णता कुठेच गेली नाही असं धरलं तर द्रावण २५ अंशांच्या आसपास तापेल. लिटरच्या फ्लास्कमधून ती निघून जाते म्हणून जाणवत नाही. टाकीचं तसं नसतं.

पाळीवाला
तापमापक, माझ्या जिव्हाळ्याचा विषय काढलात.

मोठ्या टाकीत आकारमान वाढतं त्या मानाने बाहेरचा पृष्ठभाग वाढत नाही, म्हणून प्लेटच्या हीट एक्स्चेंजरमधून द्रव फिरवत ठेवावा लागतो. एका रात्री थंड पाण्याचा पंप बसला. ३२ चे ३३, ३३ चे ३४. फेस आधी वर चढतो, काचेच्या खिडकीत पिवळट-तपकिरी जाड थर दिसतो, फेसमारक तेल सोडावं लागतं. मग ३६ ओलांडलं की फेस आपणहून बसायला लागतो, आणि नवखा माणूस म्हणतो बरं झालं. बरं झालेलं नसतं. वायूचा आवाज बदलतो, एकसारखा सळसळाट असतो तो तुटक होतो, आणि वासात आंबूसपणा येतो. यीस्ट दमलेलं असतं आणि लॅक्टिक आम्लवाले जीवाणू त्याच तापमानाला खुशीत असतात. त्यांनी साखरही खाल्ली आणि वर यीस्टला नकोशी आम्लं केली. ती बॅच शेवटपर्यंत सावरली नाही, साखर तशीच शिल्लक घेऊन पुढे पाठवावी लागली.

उष्णता आणि अल्कोहोल हे दोघं मिळून मारतात हे ध्यानात ठेवा. ५ टक्के अल्कोहोलला ३६ अंश यीस्ट सोसून नेतं, १० टक्क्यांना तेच ३६ त्याला झेपत नाही. म्हणून शेवटाकडे तापमान जास्त सांभाळायचं. लोक नेमकं सुरुवातीला सांभाळतात आणि नंतर ढिले पडतात.

रानवारा
किती शिकायला मिळतंय! आता पुढच्या खेपेची यादी: यीस्ट कोमट पाण्यात भिजवणं, नायट्रोजन, पीएच, सुरुवातीला हवा. नायट्रोजन कशातून आणि किती? आणि साखर दुप्पट करायचा प्रश्न राहिलाच.

शुभ्रा_म
लिटरला १ ग्रॅम डायअमोनियम फॉस्फेट (डीएपी) घाला, त्यातून दोनशे मिलिग्रॅमच्या वर नायट्रोजन मिळतो आणि फॉस्फेटही. चिमूटभर मॅग्नेशियम सल्फेट. जीवनसत्त्वांसाठी थोडं कोरडं यीस्ट पाण्यात चांगलं उकळा आणि ते मेलेलं यीस्टच घाला, जिवंत यीस्ट ते खातं आणि त्यातलं स्टेरॉलसुद्धा वापरतं. पीएच सावरायला कॅल्शियम कार्बोनेट.

कणाद
कार्बोनेट नको! किती इथेनॉल झालं हे मोजायचा सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे फ्लास्क रोज तराजूवर ठेवणं. जेवढं वजन कमी झालं तेवढा कार्बन डायऑक्साइड गेला, आणि ४४ ग्रॅम वायूमागे ४६ ग्रॅम इथेनॉल आत राहिलं. कार्बोनेटमधून वेगळा कार्बन डायऑक्साइड निघाला की हा हिशोब बिघडतो. सिट्रेटचा बफर वापरा, तोही पीएच फारसा हलू देत नाही.

शुभ्रा_म
मान्य, सिट्रेट उत्तम. वजनाची युक्ती मुलांना फार आवडेल.

पाळीवाला
साखर दुप्पट करू नका. लिटरला ४०० ग्रॅममध्ये यीस्टच्या पेशीतलं पाणीच बाहेर ओढलं जातं. पेशी त्याला तोंड द्यायला ग्लिसरॉल बनवते, म्हणजे साखर तिकडे वळली. आणि समजा सुरुवात झाली तरी ४०० ग्रॅमला गणिताने २७ टक्के अल्कोहोल येतं, तिथवर हे यीस्ट पोचतच नाही. चांगल्या जाती नीट खुराक मिळाला तर १५ ते १८ पर्यंत ओढतात, बेकरीचं त्याच्या आधी दमतं. जास्त हवंच असेल तर साखर हप्त्याने द्यायची, आधीची संपत आली की पुढची.

निरगाठ
बेकरीचं यीस्ट आणि दारूचं यीस्ट वेगळे जीव ना? मग मॅडमनी मुळात यीस्टच बदलायला हवं.

शुभ्रा_म
जात एकच, सॅकरोमायसिस सेरेव्हिसिए. वाण वेगळे. एक भराभर वायू द्यावा म्हणून निवडलेला, दुसरा अल्कोहोल सोसावं म्हणून. मुलांच्या प्रयोगाला बेकरीचं पुरेसं आहे.

बुडबुडा
एक गंभीर प्रश्न. साखरेच्या किण्वनात मेथॅनॉल होतं आणि माणसं आंधळी होतात म्हणतात, तर मुलांना वास तरी घेऊ द्यावा का?

कणाद
निव्वळ साखरेपासून यीस्ट मेथॅनॉल करत नाही. किण्वनात येणारं मेथॅनॉल मुख्यतः पेक्टिनमधून सुटतं, म्हणजे फळांच्या साली-गरातून, आणि पांढऱ्या साखरेत पेक्टिन नाही. बातम्यांतल्या विषबाधा बहुतेक वेळा कोणीतरी औद्योगिक मेथॅनॉल मिसळल्यामुळे होतात. तरी मुलांना चव घेऊ देऊ नका आणि ऊर्ध्वपातनाच्या वाटेला तर जाऊच नका. इथेनॉलची वाफ साध्या खोलीच्या तापमानालाही पेट घेते, शिवाय परवान्याशिवाय ते करणं बहुतेक देशांत गुन्हा आहे.

रानवारा
ऊर्ध्वपातन नाहीच करायचं, घनता आणि वजन एवढंच.

अग्निशिखा
उशिरा आले पण हे लिहिल्याशिवाय जाणार नाही. मी औद्योगिक सुरक्षेत काम करते. सगळे इथेनॉलबद्दल बोलताय, बरोबरीने निघणाऱ्या वायूबद्दल कोणीच नाही. एक किलो साखरेतून अर्धा किलोहून जास्त कार्बन डायऑक्साइड निघतो, खोलीच्या तापमानाला २८० लिटरच्या आसपास. हवेच्या दीडपट जड, त्यामुळे खड्ड्यात, तळघरात, रिकाम्या केलेल्या टाकीत साचून राहतो. रंग नाही. टाकी धुवायला उतरलेला माणूस कोसळतो, त्याला काढायला दुसरा उतरतो, तोही कोसळतो. अशा अपघातात मदतीला धावलेलेच जास्त जातात. मी हे जवळून पाहिलंय म्हणून पोटतिडकीने लिहितेय.

आणि दिवा किंवा मेणबत्ती खाली सोडून बघायची पद्धत विसरा. ज्या प्रमाणात माणसाला गुंगी येऊन तो पडतो त्या प्रमाणात ज्योत अजून जळत असते. मीटरने मोजायचं, पंख्याने हवा घालायची, वर दोरी धरून माणूस उभा. फ्लास्कच्या बाबतीत एवढंच, बूच घट्ट करून नळी कधीही बंद करू नका, काच फुटते. नळीत फेस अडकलेला नाही ना हे रोज बघा.

पाळीवाला
अग्निशिखाताई, शंभर टक्के. आमच्याकडे टाकीत उतरायच्या आधी लेखी परवाना असतो आणि त्यावर सही करणारा माणूस स्वतः मीटर बघतो. असंच असलं पाहिजे.

तापमापक
अवांतर: ऊर्ध्वपातनाने इथेनॉल १०० टक्के का होत नाही? आमच्या वर्गात ९५.६ म्हणून सोडून दिलं होतं.

कणाद
वजनाने ९५.६ टक्क्यांना इथेनॉल आणि पाणी ७८.२ अंशांना एकत्रच उकळतं, वाफेत आणि द्रवात प्रमाण सारखंच, मग कितीही उकळा, वेगळं होत नाही. इंधनासाठी उरलेलं पाणी रेणवी चाळणीने काढतात. तिची छिद्रं सुमारे ०.३ नॅनोमीटरची, पाण्याचा रेणू आत शिरून अडकतो, इथेनॉलचा मोठा असल्यामुळे बाहेरच राहतो.

पाळीवाला
आणि म्हणूनच फर्मेंटरमध्ये ६ टक्क्यांऐवजी १२ टक्के निघणं महत्त्वाचं. ६ टक्क्यांच्या द्रवात लिटरभर अल्कोहोल काढायला दुप्पट पाणी तापवावं लागतं. वाफेचा खर्च वाचतो तो यीस्ट नीट सांभाळल्यामुळे, बॉयलरमुळे नाही. हे मी वरच्या साहेबांना सांगून थकलो.

निरगाठ
कुठेतरी वाचलं की झायमोमोनास नावाचा जीवाणू यीस्टपेक्षा जास्त उतारा देतो. मग सगळे यीस्टला का धरून बसलेत?

शुभ्रा_म
खरंय, त्याला एका ग्लुकोजमागे एकच एटीपी मिळतो, त्यामुळे तो अंग कमी वाढवतो आणि इथेनॉल जास्त देतो. पण ग्लुकोज, फ्रुक्टोज, सुक्रोज सोडून तो फारसं काही खात नाही, साध्या साखरेवर ठेवला तर लेव्हान नावाचा चिकट पदार्थ करून बसतो, आणि यीस्टसारखा आंबट पीएच त्याला चालत नाही. मोठ्या उघड्या कामात आंबटपणा हेच यीस्टचं संरक्षण. आम्लाने धुऊन यीस्ट परत वापरायची पद्धत त्याच्यामुळेच शक्य होते, पीएच २ ते २.५ ला तास-दोन तास ठेवलं की बरेच जीवाणू मरतात आणि यीस्ट टिकतं.

जुनाजाणता
म्हणजे २.९ ला मॅडमचं यीस्ट मेलं नव्हतं तर!

शुभ्रा_म
नाही काका, मेलं नव्हतं, उपाशी राहून आम्ल उपसत बसलं होतं. दोन तास सोसणं वेगळं आणि त्यात राहून काम करणं वेगळं.

रानवारा
दुसरी खेप झाली, आकडे देते. दोन फ्लास्क शेजारी शेजारी, दोन्हीत २०० ग्रॅम साखर, दोन्हीत यीस्ट भिजवून. पहिल्यात नुसतं साखरपाणी. दुसऱ्यात डीएपी, मॅग्नेशियम, उकळलेलं यीस्ट, सिट्रेट, आणि सुरुवातीला जोरात हलवून हवा.

पहिला १.०४६ वर थांबला, पीएच परत ३ च्या खाली, वर कुजक्या अंड्यासारखा वास. दुसरा ०.९९६ वर आला! पीएच ३.८. वजन ८६ ग्रॅमने कमी झालं. कणाद यांच्या पद्धतीने ९० ग्रॅम इथेनॉल, म्हणजे ११.४ टक्के. घनतेच्या फरकाला १३१ ने गुणलं तर १०.५ च येतात. मुलं दोन्ही आकडे फळ्यावर लिहून भांडतायत की खरा कुठला. मीपण थोडी भांडले. आणि कमाल हिशोबाच्या ८४ टक्केच का, ९० का नाही?

कणाद
अभिनंदन! खरा आकडा दोहोंच्या मधे. वजनात वायूबरोबर थोडी पाण्याची आणि अल्कोहोलची वाफही जाते, म्हणून तो आकडा थोडा फुगतो. १३१ हा मुळात ढोबळ नियम आहे, साखर जास्त असली की तो कमी दाखवतो. मुलांना भांडू द्या, आणि नळीच्या पुढे वाफ शोषणारा पदार्थ लावून पुन्हा वजन करायला सांगा. रिफ्रॅक्टोमीटर (प्रकाश किती वळतो त्यावरून साखर मोजणारं उपकरण) मात्र मधे आणू नका, अल्कोहोल आलं की तो चुकीचं दाखवतो.

शुभ्रा_म
अंड्याचा वास म्हणजे हायड्रोजन सल्फाइड, नायट्रोजन कमी पडला की यीस्ट तो सोडतं. दोन फ्लास्कच्या वासातला फरक हासुद्धा निष्कर्षच आहे, वहीत लिहून घ्या.

८४ टक्क्यांचं म्हणाल तर दुसऱ्या फ्लास्कमध्ये थोडी साखर नक्की उरलीय. नुसता साखर नसलेला ११ टक्के अल्कोहोलचा द्रव ०.९८५ च्या आसपास यायला हवा, तुमचा ०.९९६ आहे. उरलेली बहुतेक फ्रुक्टोज असणार, यीस्ट ग्लुकोज आधी उचलतं आणि शेवटी दमलेलं असताना फ्रुक्टोज मागे राहतं. उरलेली साखर वजा करून उतारा काढला तर तुम्ही नव्वदीच्या घरात असाल.

मुलांसाठी अजून एक करा. साखरेचं द्रावण यीस्ट घालण्याआधी बेनेडिक्टच्या द्रावणाबरोबर (ग्लुकोज-फ्रुक्टोजसारख्या साखरा ओळखणाऱ्या निळ्या द्रावणाबरोबर) तापवा, निळंच राहील, कारण सुक्रोज त्याला दाद देत नाही. यीस्ट घातल्यावर तासाभराने तेच करा, विटकरी रंग येईल. यीस्टचं इन्व्हर्टेज हे एन्झाइम साखर पेशीच्या आत नेण्याआधी भिंतीपाशीच फोडतं, त्यामुळे ग्लुकोज-फ्रुक्टोज बाहेर द्रावणातच सापडतात. मग रोज थोडं थोडं काढून तीच चाचणी करा, रंग फिका होत जाईल. शेवटच्या दिवशी किती रंग उरतो त्यावरून तुमचा ८४ चा प्रश्न मुलंच सोडवतील.

रानवारा
बेनेडिक्ट आहे कपाटात. सोमवारी तिसरी खेप लावतेय, या वेळी मुलांच्या हातून. पाळीवाला दादा, तळाचं यीस्ट टाकून देऊ की पुढच्या खेपेला वापरू?

पाळीवाला
दुसऱ्या फ्लास्कमधलं वापरा, पहिल्यातलं टाका. वरचा द्रव ओता, तळाचं पांढरं-मळकट दाट घ्या, थंड पाण्यात एकदा धुवा, त्याच दिवशी नव्या द्रावणात. कोरड्या यीस्टपेक्षा लवकर उचलेल, कारण पेशी आधीच कामाला लागलेल्या असतात. डीएपी मात्र परत घालायचंच, जुनं संपलेलं असतं. आणि वजनाचे आकडे इथे टाका, बघायला आवडतील.